तळहातावरची दही-साखर

माझी नोकरी संशय घेण्याची होती. आधी नंदिनी नगरच्या चुनखडीच्या खाणीत आणि पुढे भिलाईच्या कारखान्यात मी सेफ्टी विभागात होतो. ‘सगळं ठीक आहे’ असं कोणी म्हटलं की ते खरं मानायचं नाही, यासाठी मला पगार मिळायचा. व्हॉल्व्ह बंद आहे म्हणतो? जा, हात लावून बघ. लाइनमध्ये गॅस नाही म्हणतो? मीटर लाव. वर्क परमिटवर सह्या झाल्याशिवाय आमच्याकडे कुठल्याही दुरुस्तीला हात लावता येत नसे, आणि मला मशीनपेक्षा जास्त भीती वाटायची ती परमिट न वाचता सही ठोकणाऱ्या माणसाची. फार प्रश्न विचारणाऱ्या गड्याची बाकीचे टिंगल करायचे. मला तो आवडायचा. संध्याकाळी घरी जायची ओढ असल्याशिवाय कोणी इतकं विचारत नाही.

बायकोही मला त्याच वळणाची मिळाली. दूधवाला उभा असेपर्यंत ती नखावर दुधाचा थेंब टाकून बघायची. भेंडीचं टोक मोडल्याशिवाय तिने कधी भेंडी घेतली नाही. रिसालीच्या बाजारात छत्तीसगढी भाजीवाल्या तिला लांबून बघूनच एकमेकींना सांगायच्या, “आ गे मराठिन दाई, अब जम्मो ला टोरही.” ती सगळं मोडून बघायची हे खरंच होतं. माझ्याही प्रत्येक बोलण्याचं टोक ती मोडून बघायची. दोन संशयी माणसांचा संसार म्हटला तर भांडणं आलीच, आणि आमची भरपूर झाली, पण घरात कधी शिळं आलं नाही.

म्हणून तिचा आजार मला पहिल्यांदा दिसला तो भेंडीत. मी निवृत्त झालो होतो, क्वार्टर सोडून आम्ही रिसालीत स्वतःच्या घरी आलो होतो. एके दिवशी भाजी जून लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जून. मी कुरकुर केली, आता माझा उद्धार होणार म्हणून तयारीत बसलो. ती म्हणाली, “असू द्या.”

पुढे सगळ्याच गोष्टींना ते ‘असू द्या’ लागलं. दूध पातळ आलं, असू द्या. कोणी लग्नाला बोलावलं नाही, असू द्या. सकाळी कंगवा हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसायची, ती जेवायच्या वेळेपर्यंत तशीच. डॉक्टरीण बाई चांगल्या होत्या, आमच्या गावातल्याच एका इस्पितळात मानसिक आजारांच्या विभागात बसायच्या. गोळ्या सुरू झाल्या, बदलल्या, वाढवल्या, त्यांच्या जोडीला दुसऱ्या आल्या. थोडं बरं वाटायचं आणि पुन्हा खाली. मग एका दुपारी वाळलेले कपडे घडी करता करता ती म्हणाली, “मी नसली तर तुम्हाले सोपं जाईन.” रडली नाही, आवाज चढला नाही. माझ्या शर्टाची घडी घातली आणि दुसरा शर्ट घेतला.

मी खूप घाबरलो. फिनाईलची बाटली, गोळ्यांची पाकिटं, सगळं माझ्या कपाटात कुलूपबंद केलं आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन इस्पितळात गेलो. बाईंनी तिला माझ्यासमोर सरळ विचारलं, “मरने के ख़याल आते हैं?” असं कोणी विचारतं का? पण बायको शांतपणे म्हणाली, “आते हैं तो आते हैं.” नंतर बाईंनी मला समजावलं, विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, न विचारल्याने मात्र तो आत एकटा राहतो. आणि मग त्यांनी केटामाइनचं नाव काढलं. शिरेतून हळूहळू थेंब-थेंब द्यायचं, आठवड्यातून दोनदा, असे काही आठवडे. बऱ्याच गोळ्या वापरून झाल्यावर काही रुग्णांना याने लवकर फरक पडतो, सगळ्यांना नाही.

हे नाव मी ऐकलेलं होतं. उतईला माझा जमिनीचा छोटा तुकडा आहे, त्याच्या शेजारी एक निवृत्त गुरांचे डॉक्टर राहतात. त्यांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, ये तो हम कुत्ते को टाँका लगाने से पहले देते थे.” माझं डोकं फिरलं. तसाच परत बाईंकडे गेलो आणि म्हणालो की मी माणूस घेऊन आलोय. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, कुत्र्याला देतात हे खरं, ऑपरेशनच्या वेळी माणसांनाही कित्येक वर्षांपासून देतात हे खरं, आणि काही लोक नशेसाठी घेतात हेही खरं. आपण देणार ती मात्रा भुलेच्या मात्रेपेक्षा बरीच कमी. उदासीच्या आजारासाठी हा वापर मात्र तुलनेने नवा, तेव्हा लांबच्या परिणामांबद्दल सगळं माहीत आहे असं मी म्हणणार नाही.

एवढा सरळ माणूस बघितला की मला आणखी संशय येतो. म्हणून घरी येऊन मी मोबाइलवर शोधलं, तर हसऱ्या बाईच्या फोटोची एक जाहिरात निघाली, कुठल्याशा क्लिनिकची, ‘उदासी विसरा’ वगैरे. तिथे फोन लावला. पलीकडच्या मुलीचा आवाज फार गोड होता. मी विचारलं, पेशंटचं ब्लडप्रेशर वाढलेलं असेल तर? “कोई टेंशन नहीं सर.” आधी कधी भास वगैरे झाले असतील तर? “सर, सबका हो जाता है.” खोलीत भूल देणारा डॉक्टर कोण असेल? “पूरी टीम रहती है सर.” तिने एकदाही मला उलटा प्रश्न केला नाही. बायकोचं वय काय, ती कोणत्या गोळ्या घेते, तिच्या हृदयाला काही आहे का, काही नाही. ज्याला काहीच विचारायचं नसतं, त्याला मी खाणीत फटाकासुद्धा लावू दिला नसता. फोन ठेवला.

मग मी बाईंनाच धारेवर धरलं. त्यांच्या जागी मी असतो तर मला हाकलून दिलं असतं. त्या प्रत्येक गोष्ट सांगत गेल्या. सुई चालू असताना रक्तदाब चढतो, म्हणून आधी तो ताब्यात हवा आणि मधे मधे मोजत राहायचा. ईसीजी, रक्ताच्या तपासण्या आधी. भुलेचा डॉक्टर बाजूला, ऑक्सिजन हाताशी. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. सुई चालू असताना शरीर आपलं नाही असं वाटू शकतं, तरंगल्यासारखं, आवाज लांबून आल्यासारखे. मळमळेल. ते बहुतेक वेळा थोड्या वेळात ओसरतं, पण घरी नेणारं माणूस सोबत पाहिजे, आणि त्या दिवशी तिने गाडी, गॅस, सही-शिक्का कशालाच हात लावायचा नाही. आणि हे वारंवार, फार काळ घेत राहिलं तर लघवीच्या पिशवीला इजा होऊ शकते, सवय लागू शकते. म्हणून घरी न्यायचं नाही, दुसरीकडून मिळवायचं नाही.

“आणि फरक पडला तर तो टिकेल?” मी विचारलं.

“शायद कुछ हफ़्ते. शायद ज़्यादा. वादा नहीं करूँगी,” बाई म्हणाल्या.

हे सगळं चालू असताना बायको शेजारी बसून खिडकीबाहेर स्कूटर स्टँडकडे बघत होती. बाईंनी संमतीचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि सावकाश वाचायला सांगितलं. तिने पेन घेतलं आणि सही केली. चष्मासुद्धा पर्समधून काढला नाही. मी म्हणालो, “वाच तरी.” ती म्हणाली, “काय वाचायचं? होऊ द्या जे होते ते.” मला परमिटवर न बघता सही करणारी सगळी माणसं आठवली. तिचा डॉक्टरवर विश्वास बसला होता असं नव्हतं. तिला काय होईल याच्याशी तिचंच घेणंदेणं उरलं नव्हतं, आणि हे मला त्या औषधापेक्षा भयंकर वाटलं.

ठरलेल्या दिवसासाठी तिची मोठी बहीण आली. ताई दुर्गला मोहन नगरात राहतात, त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. ताईंना मी आधीच बजावून ठेवलं होतं की सकाळपासून हिच्या पोटात काही जायचं नाही. ताई म्हणाल्या, “मले काय समजत नाही काय, जवाईबापू? मी चहासुद्धा नाही देत तिले.” आणि दिला नाही. मी स्वतः डबे बघितले, गॅस थंड आहे का बघितला. मग निघताना, चपला घालून आम्ही दाराशी आलो, तेव्हा ताईंनी वाटी पुढे केली. बायकोने सवयीने तळहात पसरला, ताईंनी त्यावर चमचाभर दही-साखर ठेवली, तिने ती चाटली, बोट पदराला पुसलं आणि उंबरठा ओलांडला. मी तिथेच उभा होतो. मी हे बघितलं. आमच्या घरातून परीक्षेला, इंटरव्ह्यूला, ऑपरेशनला गेलेलं एकही माणूस त्याशिवाय बाहेर पडलेलं नाही. ते आमच्याकडे कोणी खाण्यात धरतच नाही, तो शकुन असतो.

इस्पितळात मी माझं काम सुरू केलं. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा बघितला. रक्तदाबाचं मशीन चालतं का बघितलं. भुलेचे डॉक्टर तरुण होते, त्यांना मी त्यांचा अनुभव विचारला, आणि त्यांनी न रागावता सांगितला. त्यांनी बायकोला विचारलं, “कुछ खाया-पिया?” ती म्हणाली, “नहीं.” मीही जोरात म्हणालो, “बिलकुल नहीं.” नर्सने तिच्या बोटाला चिमटा लावायला घेतला, स्क्रीनवर आकडा येतो का हे बघायला मी वाकलो, आणि मला तिच्या नखाच्या कडेला साखरेचा एक दाणा चिकटलेला दिसला.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, गप्प राहावं. चमचाभर तर दही. तिला इथपर्यंत आणायला मला किती दिवस विनवण्या कराव्या लागल्या होत्या. आज परत नेलं तर ती पुन्हा उठेल, पुन्हा आंघोळ करेल, पुन्हा रिक्षात बसेल याची खात्री कोण देणार? आणि उद्यापर्यंत काय होईल याची? मी तिच्याकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

मी सांगितलं. तरुण डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली. म्हणाले, कमी मात्रा असली तरी शुद्ध पूर्ण राहत नाही, उलटी झाली आणि फुफ्फुसात उतरली तर महागात पडेल, दूध-दही पोटात लवकर विरत नाही, आज नको. मी वाद घातला नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. बायको उठली, साडी नीट केली आणि म्हणाली, “चला, बरं झालं.” ते ‘बरं झालं’ ऐकून मी तिथेच पुढची वेळ मागितली.

घरी आलो तर ताई दारातच उभ्या होत्या. काय झालं ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. “पण मी तिले काही खाऊ नाही घातलं,” त्या म्हणत राहिल्या. “थे तर शुभ असते ना.” मग त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण मी स्वतः दारात उभा राहून ते बघितलं होतं, तर कुठल्या तोंडाने रागावू?

दोन दिवसांनंतरची वेळ मिळाली. ते दोन दिवस ताई आणि मी आळीपाळीने तिच्याजवळ बसलो, ती आंघोळीला गेली तरी दाराबाहेर खुर्ची टाकून. तिला ते कळत होतं. ठरल्या सकाळी मी तिला उठवायला गेलो तर ती आधीच उठून बसलेली. “चला म्हणता तर चला,” म्हणाली. ताईंनी या वेळी वाटी फ्रीजमध्ये ठेवली आणि हात मागे बांधून दारात उभ्या राहिल्या. अशा रिकाम्या हाताने निरोप द्यायची त्यांची पहिलीच वेळ असावी.

सुई सुरू झाली. खोलीत दिवा मंद केला होता, बोलायचं नाही असं मला सांगितलं होतं. थोड्या वेळाने तिचे डोळे अर्धे मिटले आणि बुबुळं इकडून तिकडे हलायला लागली. ती म्हणाली, “मी छताले लागून गेली.” माझा हात आपोआप बेलकडे गेला. भुलेच्या डॉक्टरांनी खुणेने सांगितलं की हे अपेक्षित आहे. रक्तदाब चढला, मी आकडा बघत राहिलो, मग उतरला. एकदा ती म्हणाली, “नंदिनीचं खाणीवरचं घर दिसून राहिलं. धूळच धूळ.” आणि तिच्या डोळ्यातून पाणी आलं. ते दुःखाचं होतं की औषधाचं, मला कळलं नाही. संपल्यावर ती बराच वेळ पडून राहिली, एकदा ओकली, आणि मग माझा खांदा धरून रिक्षापर्यंत आली. घरी ताई वाटी घेऊन बसल्या होत्या. परतल्यावर दही-साखर, असा त्यांनी स्वतःचा नवा रिवाज काढला होता. बायकोने हात पसरला आणि मुकाट्याने चाटली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही असंच मी म्हणत होतो. तिसऱ्या सुईनंतर एका सकाळी तिने कंगवा हातात घेतला आणि केस विंचरले. ताईंशी फोनवर बोलताना हसली. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. मला वाटलं, हसतंय ते औषध. नशा चढलेला माणूसही हसतो. मी तिच्या डोळ्यांत बघायचो, तिच्या चालण्यात झोक आहे का बघायचो, तिने जास्त पाणी प्यायलं तरी मनात टिपून ठेवायचो. एक दिवस पोळी लाटता लाटता ती म्हणाली, “कावून असे पाहून राहिले? मी काय तुमच्या कारखान्यातलं गेज आहे?” मी म्हणालो, “तसं नाही.” ती म्हणाली, “तसंच आहे.” आणि पोळी उलटवली.

सुया संपल्या. पावसाळा चांगला गेला. मग दिवाळीनंतर तिचं बोलणं पुन्हा कमी व्हायला लागलं. मी ओळखलं, पण तोंडातून काढायचं धाडस होईना. जे मला सुरुवातीपासून वाटत होतं तेच होत होतं, आणि माझा संशय खरा ठरल्याचं इतकं वाईट मला कारखान्यात कधी वाटलं नाही. शेवटी तीच म्हणाली, “मले पुन्हा तसं वाटून राहिलं. मॅडमकडे जाऊ.” तिने हे स्वतःहून सांगितलं होतं.

बाईंनी तपासलं, बराच वेळ बोलल्या, आणि आणखी एकदा सुई देऊन बघू म्हणाल्या. संमतीचा तोच कागद पुढे आला. मी पेन काढून तिच्याकडे दिलं. तिने ते टेबलावर ठेवलं, पर्समधून चष्मा काढला, तो पदराने पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.

“मॅडम,” ती म्हणाली, “ये बार-बार लेने से पेशाब की थैली ख़राब होती है, ऐसा इन्होंने बताया था. मेरी तो नहीं होगी?”

बाईंनी सांगितलं की एवढ्या सुयांनी ती भीती कमी आहे, पण जळजळ झाली, वारंवार जावं लागलं तर लगेच कळवायचं.

“और कमरे में वही डॉक्टर रहेगा ना? वो दुबला वाला? दूसरा कोई हुआ तो मैं नहीं लूँगी.”

बाई हो म्हणाल्या. तिने आणखी काही विचारलं, एका ओळीवर बोट ठेवून तिचा अर्थ विचारला, तो पटला नाही म्हणून पुन्हा विचारला. त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही. मी खिडकीबाहेर स्कूटर स्टँडकडे बघत होतो आणि माझे डोळे भरून आले होते.

सुई झाली. घरी आलो तर ताई मोहन नगरहून येऊन बसलेल्या, हातात वाटी. बायकोने तळहात पसरला नाही. तिने वाटीच हातात घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाली, “ताई, हे दही कालचं आहे. आंबलं आहे.”

“आज सकाळीच लागलेलं आणलं मी,” ताई म्हणाल्या. त्या दुखावल्या होत्या.

“पाहा बरं तुम्ही,” म्हणत तिने वाटी माझ्यापुढे धरली.

मी बोटाने चाखून बघितलं. दही ताजं होतं, गोड होतं. मी म्हणालो, “हो ताई, आंबटच आहे थोडं.”